केलरसाहेब, तुमचं ‘पाहतो’

केलरसाहेब,

तुम्ही गेल्याचं मला पंपावर डिझलच्या टाकीचं माप घेताना कळलं. आता साठे म्हणून नवा साहेब अकोल्याहून येतो. पुण्याचा आहे, कोवळा आहे, बूट फार चकचकीत. मी काठी टाकीत सोडली होती आणि तो मागून म्हणाला, “अहो बाई, तुमच्या वेळचे ते अमेरिकन साहेब होते ना, केलर? ते वारले म्हणे. न्यूयॉर्कला, ऑफिसातच. दोन महिने झाले.” मी काठी बाहेर काढली, पुसली आणि परत आत सोडली, कारण पहिलं माप डोक्यातून निघूनच गेलं होतं.

मग तो म्हणाला, जुन्या डीलरांकडून दोन-दोन ओळी गोळा करतोय, कंपनीच्या मासिकात छापायच्या आहेत. तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजी करून घेतो. त्यानं पेनसुद्धा उघडलं. मी म्हटलं, “लिहा. केलरसाहेबानं मले पंप देला, आन गरज पडली तवा डिझल नाई देलं.” त्यानं पेनाला टोपण लावलं. “असं छापत नाहीत, बाई.”

“मंग नका छापू.”

म्हणून हे मी माझं लिहितेय. तुम्हाला देवनागरी एसटीच्या पाट्यांपुरतीच यायची, तेव्हा हयात असता तरी हे तुम्हाला तुमच्या इस्माईल ड्रायव्हरनंच वाचून दाखवलं असतं. पण राग मनात ठेवून गल्ल्यावर बसवत नाही. दोन गिऱ्हाइकांना चुकीची मोड दिली कालपासून.

तुम्ही पहिल्यांदा वडनेरला आलात तो दिवस आठवतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि आमचा पंपही नवाच होता. टँकरवाल्यानं निरोप आणला, “नवे साहेब येऊन राह्यले उद्या. केळकर साहेब.” ह्यांनी मला बजावलं, “बामन मानूस हाय, कांदा-लसून काही टाकू नको.” मी साजूक तुपातला शिरा केला, बिनकांद्याची बटाट्याची भाजी केली, पितळी ताटं चिंचेनं घासली. दुपारी जीप थांबली आणि तिच्यातून उतरला तांबड्यालाल मानेचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच गोरा माणूस. हे हात जोडून तसेच उभे. “केळकर साहेब मागून येतात का?” ह्यांनी इस्माईलला विचारलं. इस्माईल म्हणाला, “हेच हायेत ना भाऊ.” तुम्ही जेवायला बसलात, भाजीचा एक घास खाल्लात आणि दुसऱ्याला कांदा मागितलात. गाव शेवटपर्यंत तुम्हाला केळकरच म्हणत राहिलं.

जेवण झाल्यावर तुम्ही बाह्या दुमडल्या. नागपूरकडे जाणारा एका सरदारजीचा ट्रक येऊन लागला होता. तुम्ही बादलीतला फडका पिळलात, चाकावर पाय ठेवून वर चढलात आणि समोरची काच पुसायला लागलात. सरदारजी घाबरून खालीच उतरला. त्याला वाटलं, कसली तरी तपासणी आहे. तुम्ही ह्यांना इंग्रजीत सांगत होता आणि इस्माईल हिंदीत सांगत होता, की माणूस डिझल कुठंही भरतो, पण काच पुसून देणाऱ्याकडं परत येतो. तेव्हाच तुम्ही सांगितलंत, की तुमचे वडील तुमच्या देशात तेलाच्या विहिरीवर मजुरी करायचे आणि तुम्ही शाळेत असल्यापासून एका पंपावर काचा पुसत होता. त्या पंपावरून तुम्ही कंपनीत गेलात, कंपनीनं शिकवलं, बोटीत बसवलं आणि अकोल्याला आणून सोडलं. हे रात्री म्हणाले, “काच पुसनारा साहेब झाला, म्हंजे कंपनी चांगली असन.” मीही तेच समजले. माणूस चांगला म्हणजे त्याची कंपनी चांगली, असा हिशेब तेव्हा आम्ही दोघांनी मांडला.

मराठी तुम्ही इस्माईलकडून शिकलात, म्हणजे वऱ्हाडी शिकलात. “वहिनी, मले चाय पाह्यजे.” “वहिनी, टँकर काऊन नाई आला?” मुंबईच्या बैठकीत तुम्ही मोठ्या ऐटीत मराठी बोललात, तर तिथले आपले लोक हसले, म्हणे हा साहेब गाडीवानासारखा बोलतो. हे तुम्हीच येऊन सांगितलंत आणि स्वतःच हसलात. तेव्हा तुम्हाला हसू येत होतं, साहेब. आणि तेव्हा तुमच्या तोंडात एकच क्रियापद होतं: करतो. टाकी गळते? करतो. दिवाळीला जादा माल हवा? करतो. एकदा आमचा माल संपला होता आणि अकोल्याच्या एका डीलरकडे जाणारा टँकर रस्त्यावर होता. तुम्ही मलकापूरच्या पोस्टातून फोन केलात आणि तो टँकर नांदुऱ्यावरून आमच्याकडे वळवलात. अकोल्याचा डीलर तुमच्यावर महिनाभर चिडून होता. तुम्ही त्यालाही म्हणालात, करतो.

मग ह्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग खामगावचा दवाखाना, मग काहीच नाही. आजारपणाच्या त्या दिवसांत पंप मीच बघत होते. माझं माहेर उंद्रीचं, वडील शाळामास्तर, मी सातवीपर्यंत शिकलेली, हिशेब यायचा. हे गेले आणि तेराव्याचं पान उचललं नाही तोच माझे दीर नामदेवभाऊजी गावच्या चार लोकांना घेऊन तुमच्याकडे अकोल्याला गेले. म्हणाले, पंप माझ्या नावानं करा. तुम्ही त्यांना म्हणालात, मी तिथंच येतो.

आलात ते मुंबईचे एक मोठे साहेब बरोबर घेऊन. पंपामागच्या लिंबाखाली खाट टाकली होती. मी दाराआड उभी. मुंबईचे साहेब म्हणाले, डीलर वारला की करार संपतो, नवा माणूस बघावा लागेल, आणि बाईच्या नावानं पंप आमच्याकडे कुठं नाही. भाऊजींना बळ आलं. ते म्हणाले, “साहेब, मी तेच म्हनतो. बाईमानूस पंपावर उभी राह्यली तर टरकवाले काय म्हनतीन?”

तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात. “ते म्हनतीन, डिझल भरा.”

लिंबाखाली कुणीतरी हसलं. मग तुम्ही दाराकडे वळलात. “वहिनी, बाहेर या. आजारपनात पंप कोनं चालवला?”

“मी.”

“पुढं चालवसान?”

मी डोक्यावरचा पदर तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, “चालवीन. पन मालाची गाडी टायमावर पाह्यजे.”

“करतो,” तुम्ही म्हणालात. मुंबईच्या साहेबांनी तुम्हाला बाजूला घेतलं आणि तुम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बराच वेळ इंग्रजीत भांडलात. मला एक शब्द कळला नाही. तुमची मान जास्त लाल होत गेली तेवढं दिसलं. संध्याकाळी जाताना तुम्ही म्हणालात, “झालं.” बस, तेवढंच.

पुढं किती तरी दिवसांनी इस्माईलनं सांगितलं, की तुम्ही मुंबईला लिहून दिलं होतं, ह्या पंपाचं काही वाईट झालं तर जबाबदारी माझी. त्यापायी तुमची बढती त्या वर्षी अडली, तुमच्यामागून आलेला माणूस तुमच्यापुढं गेला. मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “इस्माईल लय बोलतो.” मला आभार मानायचे होते. तुम्ही लगेच टाकीच्या झाकणाचं काहीतरी काढलंत. मला तेव्हाही राग आला होता. आभार घ्यायचीसुद्धा एक रीत असते, ती तुमच्या कंपनीनं तुम्हाला शिकवली नव्हती.

ते वर्ष सोडलं तर मग तुम्ही चढतच गेलात. अकोल्याचे नागपूरला, नागपूरचे मुंबईला. आधी जीप होती, मग मोटार, मग पुढं एक मोटार आणि मागं एक. वर्षातून एकदा दौरा निघाला की तुम्ही वडनेरला थांबायचात, पण घड्याळाकडं बघणारा एक माणूस कायम तुमच्या बाजूला. माझ्याकडची ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी तुम्हाला आवडायची. त्या माणसानं एकदा सांगितलं, साहेबांचं जेवण खामगावच्या डाकबंगल्यात आहे. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि गाडीत बसलात. मी टोपल्यात भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. त्या मी इस्माईलला दिल्या. त्याला तुमच्या गाडीवरून काढलं होतं, तो तेव्हा कंपनीचा टँकर चालवायचा.

आणि तुमची भाषा बदलली. मुंबईत म्हणे तुम्हाला एक मास्तर ठेवला होता, चांगलं मराठी शिकवायला. ‘मले’चं ‘मला’ झालं. ‘काऊन’चं ‘का बरं’ झालं. आणि ‘करतो’चं ‘पाहतो’ झालं. आमच्या रस्त्याकडची बाजू दर पावसाळ्यात खचायची, ट्रक रुतायचे. तुम्हाला सांगितलं. “पाहतो, वहिनी.” पुढच्या वर्षी परत सांगितलं. “पाहतो.” तुम्ही हिंदुस्थानातल्या सगळ्या कंपनीचे प्रमुख झालात त्या वर्षी मी गावातल्या पोरांकडून मुरूम टाकून घेतला. पेढे वाटले ते मात्र तुमच्या बढतीचे वाटले, मुरमाचे नाही.

मग दुष्काळ पडला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पेपरात वाचलाच असेल. विहिरी कोरड्या पडल्या, पाणी उपसायची इंजिनं झाकून ठेवली, डिझल घ्यायला शेतकरी येईना. जेमतेम एसटी आणि ट्रकांवर पंप चालला. पुढच्या वर्षी देवाच्या दयेनं पाऊस झाला, विहिरी भरल्या, लोकांनी उसनवारीनं बियाणं आणून गहू पेरला. नेमकी तेव्हाच जगात तेलाची टंचाई झाली. अरबांनी दिलं नाही म्हणतात, मला त्यातलं कळत नाही. वरून हुकूम आला, की ज्या पंपानं मागल्या वर्षी जेवढं विकलं, त्या मानानं त्याला ह्या वर्षी मिळेल. मागल्या वर्षी! विहिरीत पाणीच नव्हतं त्या वर्षी!

पंपावर कॅन घेऊन रांग लागायची. आदल्या वर्षी ज्यांच्या पोटात अन्न नव्हतं ती माणसं आता डोळ्यांसमोर पाणी असून गहू वाळताना बघत होती. भाऊजीही रांगेत असायचे. मला म्हणायचे, “तुहा केळकर सगळ्यात मोठा साहेब झाला ना आता? सांग ना त्याले.” मला अभिमान होता, साहेब. मी रांगेसमोर बोलले, “सांगतो. मी सोता जातो मुंबईले.”

नांदुऱ्याहून गाडीत बसले आणि तुमच्या त्या उंच इमारतीत आले. खालच्या माणसानं मला दोनदा विचारलं, कुणाकडं काम करता. तुमचं नाव सांगितलं तर तो हसला. तुम्ही स्वतः खाली आलात, हे खरं. मला वर नेलंत, खुर्ची दिलीत, कपबशीत चहा मागवला. मी कोट्याचं सांगायला लागले. मी म्हटलं, “मागल्या साली विहिरीले पानी नव्हतं—” आणि तुम्हीच वाक्य पुरं केलंत, “—म्हणून विक्री कमी झाली, म्हणून ह्या वर्षी कोटा कमी. हा नियम चूक आहे. मला माहीत आहे.”

मी म्हटलं, “माहीत हाय? मंग?”

तुम्ही खिडकीकडं बघितलंत. “जहाज आखातातून येतं. वाटणी दिल्लीहून ठरते. भाव न्यूयॉर्कहून ठरतो.”

“आन तुमी काय करता?”

तुम्ही चहाची कपबशी माझ्याकडं सरकवलीत. मी म्हटलं, “साहेब, तुमी अकोल्यात होते तवा मलकापुरातून एक फोन केला आन टँकर वळवला. आता एवढी मोठी बिल्डिंग हाय. टेबलावर तीन फोन हायेत. एक उचला ना.”

“तेव्हा मी फक्त अकोल्याच्या एका डीलरला नाराज करत होतो, वहिनी. मला वाईट वाटतं. पाहतो मी.”

तुमच्या नकारापेक्षा त्या ‘मला’चा मला जास्त राग आला. किती स्वच्छ बोललात! जसा काही मी कुणी परका माणूस अर्ज घेऊन आलेय. चहा न पिता मी उठले. तुम्ही दारापर्यंत आलात. लिफ्टवाला दार धरून उभा होता, त्याच्यासमोर काही बोलता आलं नाही. मी जिनाच धरला आणि उतरताना सगळं बोलले, पण ते भिंतींनी ऐकलं.

तुमच्या ‘पाहतो’ची मी वाट बघितली. नाही आलं काही. मग मी रांगेतल्या बायांना म्हटलं, चला. आम्ही बुलढाण्याला कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर कॅन घेऊन बसलो. आधी शिपायानं उठवलं, मग हवालदारानं उठवलं, आम्ही सरकून परत बसलो. शेवटी कलेक्टरनं आत बोलावलं आणि गव्हाच्या पिकासाठी म्हणून जादा परवाने दिले. माल आला. उशिरा आला. नाल्याकडच्या वावरांतला गहू वाचला, वरच्या मुरमाड बरडावरचा वाळला. भाऊजींचं वावर बरडावर होतं. कापायलासुद्धा गेले नाहीत ते, गुरं सोडली उभ्या गव्हात. त्यानंतर मला भेटले की एकच विचारायचे, “कुठी हाय तुहा केळकर?” दिराशी आयुष्यभर भांडले, पण त्या एका प्रश्नात ते खरे होते, आणि तुमच्यामुळं होते.

नंतर सरकारनं कंपनी घेतली. रंगारी आला आणि पाटी पुसून नवं नाव लिहून गेला. त्याच दिवसांत एका सकाळी मोटार थांबली, मागंपुढं कुणी नाही, चालवायला इस्माईल. तुम्ही त्याला कुठून तरी शोधून आणलं होतं. केस पांढरे झाले होते तुमचे. लिंबाखाली खाटेवर बसलात, भाकरी मागितलीत, ठेचा मागितलात. आपण काय काय बोललो! माझ्या मुलीच्या लग्नाचं, इस्माईलच्या डोळ्यांचं, रस्ता रुंद होणार त्याचं. गव्हाचं तुम्ही काढलं नाही, मीही काढलं नाही. समोरून भाऊजी गेले. तुम्हाला बघून थांबले, तुमच्याकडं नुसतं बघितलं आणि निघून गेले. तुम्ही भाकरी खाली ठेवलीत. मला वाटलं, आता बोलाल.

तुम्ही म्हणालात, “न्यूयॉर्कले बोलावलं, वहिनी. लय मोठी जागा हाय. मले जावंसं वाटत नाई.”

इतक्या वर्षांनी ‘मले’ ऐकलं. तरी राग गेला नव्हता. मी म्हटलं, “मंग काऊन जाता?”

“मोठं काम हाय.”

“कोनाचं?”

तुम्ही बोटांनी भाकरीचे तुकडे केलेत, खाल्ले नाहीत. उत्तर द्यायला तुम्हाला भरपूर वेळ होता, साहेब. त्या दिवशी घड्याळवाला माणूस नव्हता बरोबर. तुम्ही म्हणालात, रिटायर झालो की येतो, इथंच बसतो. मी म्हटलं, “या.” दोघांनाही ठाऊक होतं, तुम्ही येणार नाही. मग तुम्ही गाडीत बसलात. तुमचे डोळे भरले होते की उन्हानं बारीक झाले होते, ते मला अजून ठरवता येत नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

माझं म्हणणं काय आहे, ते एकदा नीट सांगते. तुम्ही वाईट नव्हता. वाईट असता तर मी एवढी चिडलेच नसते, दोन ओळी देऊन टाकल्या असत्या साठ्यांना. माझ्या पदरात हा पंप तुम्ही टाकलात. ह्याच्यावर माझी मुलगी शिकली, ह्याच्यामुळं मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही. पण एका बाईसाठी स्वतःची बढती घालवणारा माणूस आणि गावाच्या गव्हासाठी फोन न उचलणारा माणूस, हे दोघं एकच कसे, हे मला कळत नाही. तो नियम मोडला असता तर काय झालं असतं? खुर्ची गेली असती. तशीही ती वर्षभरात सरकारनं घेतलीच. बरं, नसता मोडता आला नियम, तर एकदा लिंबाखाली बसून म्हणायचं होतं, “वहिनी, मी हरलो.” मी भाकरी वाढली असती. भाऊजींनाही हाक मारून बसवलं असतं.

तुमच्या मेमसाहेबांना पत्र लिहावं म्हणते. इंग्रजी येत नाही, आणि साठ्यांकडून लिहून घेतलं तर ते त्यात ‘महान’ वगैरे घालतील.

रब्बीसाठी मागितलेला जादा माल काल यायचा होता, आला नाही. आज सकाळी साठे आले. म्हणाले, जादा टँकर नियमात बसत नाही, वरून मंजुरी यायला आठ दिवस लागतील. मी त्यांना तुमच्याच खाटेवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, “साठेसाहेब, तुमी हुशार हाय, तुमी मुंबईले जानार. तिथं गेल्यावर तुमच्यानं काही होनार नाई. आता अकोल्यात हाय तवर फोन करून टाका. फार तं एक डीलर नाराज होईन.”

त्यांनी चहा संपवला. मग विचारलं, इथं फोन कुठं आहे.

संध्याकाळी टँकर आला, पण अर्धाच भरलेला. रांग मोठी आहे आणि भाऊजी कॅन घेऊन सगळ्यात पुढं उभे आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी उद्या मला अकोल्याला जाऊन भांडायचं आहे. तेव्हा साहेब, तुमच्याशी एवढंच.